दुपारचे सर

सर कुणालाही भेटले की रामराम करण्याआधी समोरच्याचा हात ओढून तळवा दाबून बघायचे. ओळखीचा असो, नसो. मग म्हणायचे, "तापलायस," किंवा "बरा हायस," आणि हात सोडून द्यायचे. पालमच्या एसटीत एकदा कंडक्टरला वाटलं, हे ज्योतिषी आहेत. त्यानं पैशाची पिशवी काखेत मारून दुसराही हात पुढं केला आणि म्हणाला, "बदली कधी व्हईल, तेवढं सांगा की काका."

सर म्हणाले, "ते मला काय माहीत? तू सकाळपासून पाणी पिला न्हाईस, येवढंच कळायलंय."

सगळी गाडी हसली. मी सरांच्या शेजारच्या सीटवर होते. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. हा माणूस माझा कुणी नाही, असं दाखवायचं होतं मला. सरांबरोबरच्या दिवसांत माझा बराच वेळ असा खिडकीबाहेर बघण्यात गेला.

आधीच सांगून टाकते, माझा सरांवर राग आहे. आज परभणीत माझं जुन्या कूलरचं दुकान आहे. हिवाळ्यात लोकांना अडचण वाटणारे कूलर मी उचलते, नवरा त्यांच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि उन्हाळ्यात मी ते विकते. बाजारात लोक म्हणतात, बाई लय तिखट हाय, तिच्याशी बोलताना पाणी घेऊन बसा. मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणाच्या बापाच्या पैशावर दुकान उभं केलेलं नाही. पण सरांबद्दल लिहायचं म्हटलं की माझ्या आवाजातला तो जोर कुठं जातो, कळत नाही.

सर एका शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर शहराबाहेरच्या एका मोकळ्या माळावर गरिबाघरच्या पोरापोरींना पोलीस भरतीच्या पळण्यासाठी तयार करायचे. फी नव्हती. "जयभीम सर" म्हटलं तरी ते "जयभीम" म्हणायचे आणि "रामराम सर" म्हटलं तरी "जयभीम"च म्हणायचे. तोवर हात दाबून झालेला असायचा.

परभणीत भरतीची तयारी करणारी सगळी पोरं पहाटे पळतात. रस्त्यावर झुंडीच्या झुंडी दिसतात. सर मात्र आम्हाला दुपारी बोलवायचे. मार्चमध्ये सकाळी उशिरा, मग दर आठवड्याला थोडं पुढं सरकत, एप्रिल संपता संपता भर दुपारी. माळावर तेव्हा शेळीसुद्धा नसायची. येणारे-जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, लेकरं मारता का?"

सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "भरतीला बोलावत्यात पहाटं अन् पळायची पाळी येती दुपारी. तवर हे पहाटंचे वाघ उन्हात बसून पाघळत्यात."

पण नुसतं उन्हात पळवणं ही त्यांची गोष्ट नव्हतीच. त्यांची खरी गोष्ट होती पळायच्या आधीची. माणूस पळायच्या आधी जितका गार, तितका तो उशिरा तापणार, आणि तापायच्या आत शर्यत संपवायची. "गाडी घाट चढायच्या आदी रेडिएटरमदी पाणी बघत्यात. वर जाऊन धूर निघाल्यावर न्हाई," असं ते रोज म्हणायचे. कुणी विचारलं नाही तरी म्हणायचे.

त्यासाठी त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. एका म्हाताऱ्या गोळेवाल्याकडून त्याचं बर्फ किसायचं यंत्र आणलं. किसलेल्या बर्फात मीठ आणि लिंबू पिळून ते प्रत्येकाला पेलाभर प्यायला द्यायचे. रंग नाही, साखर नाही. आसपासच्या वस्तीतली लेकरं रांगेत येऊन उभी राहायची आणि "काका, मला कालाखट्टा" म्हणायची. सर त्यांनाही मिठाचाच द्यायचे. लेकरं थुंकून पळून जायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. बसायला ओली गोणपाटं असायची. गळ्यात ओला पंचा. स्वतः सरांच्या टोपीखाली कायम एक ओला रुमाल असायचा आणि त्याचं पाणी मानेवरून खाली गळत असायचं. बँकेत गेले की उठल्यावर खुर्ची ओली. तिथला शिपाई सर दिसले की प्लॅस्टिकची खुर्ची वेगळी काढून ठेवायचा.

सगळंच त्यांना जमत होतं असं नाही. चारठाण्याच्या एका पोराच्या पोटावर त्यांनी बर्फाची लादी फडक्यात गुंडाळून बांधली. पोरगं पळायला उठलं आणि पोट धरून खाली बसलं. "सर, कळ आलीया."

"नाटकं करू नको."

"आयशप्पथ सर."

सर पुढं आले. त्यांनी ती लादी सोडवली, सदरा वर करून स्वतःच्या पोटावर बांधली आणि सगळ्यांसमोर गोणपाटावर उताणे पडले. आम्ही त्यांच्याभोवती गोल करून उभे. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा वाकडा झाला. उठून त्या पोराला म्हणाले, "मला बी आली. तुझं बरोबर हाय. पोट सोडायचं, हातपाय धरायचे." त्या दिवसापासून पोट बंद. असा माणूस होता. चूक झाली की ती लगेच चार लोकांत मान्य करून मोकळा व्हायचा. म्हणूनच मला वाटतं, त्या एका गोष्टीबद्दल ते इतकी वर्षं गप्प बसले, याचा अर्थ मला आधीच कळायला हवा होता.

पोरांचं सोपं होतं. बोअरच्या पाइपाखाली उघड्यानं बसायचं, झालं. पोरींचं काय, याचा सरांनी विचारच केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या डोक्यावर बादली उपडी केली. पांढऱ्या रंगाचा पंजाबी ड्रेस होता माझा. समोर रस्त्यावर चहाची टपरी. टपरीवरची सगळी तोंडं एकदम इकडं वळली. मी जागच्या जागी खाली बसले, गुडघ्यात अंग लपवलं आणि ओरडले, "सर! पुन्हा पाण्याचा थेंब जरी टाकला ना, तर तुमची बादली तुमच्याच डोक्यात घालीन!"

सरांना आधी कळेचना. "अगं, गार वाटलं न्हाई का?" असं ते मनापासून विचारत होते. पेडगावची सुनंदा धावत आली आणि तिनं स्वतःची ओढणी माझ्यावर टाकली. सुनंदा आमच्यातली सगळ्यात गरीब स्वभावाची पोरगी. तिला कुणी पाय दिला तरी तीच "लागलं का?" विचारायची. त्या दिवशी घरी जाताना ओढणीशिवाय ती दोन्ही हात छातीवर धरून चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा पोरींना एका बाजूला बोलावलं. त्यांच्या बायकोनं घरी चांगलंच सुनावलेलं दिसत होतं. जमिनीकडं बघत म्हणाले, "कपडे भिजवायचे न्हाईत. फक्त हात. कोपरापत्तर बर्फाच्या पाण्यात. तळहाताला काय लाज असती का?"

तळहाताला लाज नसते, हे पुरुषाला वाटतं. आम्ही ओळीनं बादल्यांसमोर बसलो की पोरं ओरडायची, "काकू, ताट बी घासून टाका!" "माझा बी डबा हाय!" मी दगड उचलायची. सुनंदा हसायची आणि हात पाण्यात तसेच ठेवायची. पण खरं सांगते, फरक पडत होता. हात बधिर व्हायचे, मग अंगभर एक थंडावा चढायचा आणि ऊन जरा लांब गेल्यासारखं वाटायचं. पळताना दम नेहमीपेक्षा उशिरा लागायचा.

हा सगळा बर्फ आणायचं काम माझ्याकडं आलं ते सरांच्या भिडस्तपणामुळं. बर्फाच्या कारखान्यात मालक जे म्हणेल ते सर देऊन यायचे. एकदा मी बरोबर गेले आणि मला राहवलं नाही. मी बघितलं, काढता-चढवताना काही लाद्या फुटतात. फुटलेली लादी गाडीवाला घेत नाही. ती तशीच पडून राहते आणि तिचं पाणी होत जातं. मी मालकाला म्हणाले, "मी इथंच बसते. तुमी नका देऊ." आणि त्या फुटक्या लादीसमोर मांडी घालून बसले. तो माझ्याकडं बघतोय, मी लादीकडं बघतेय. वितळणाऱ्या मालाचा भाव विकणाऱ्याला फार वेळ धरून ठेवता येत नाही. शेवटी तो चिडून म्हणाला, "उचल बाई, उचल!" सर दाराबाहेर उभे होते. मालकानं त्यांना विचारलं, "तुमची पोरगी का हो ही?" सर घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, शिकायला येती." मग रस्त्यात मला म्हणाले, "तू लय भांडतीस. पर बर्फ चांगला मिळाला."

माझ्या आजच्या धंद्याची सुरुवात म्हणाल तर ती फुटकी लादी.

भरतीवर माझं सगळं अवलंबून होतं. बापानं स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची खेप. निवड झाली तर झाली, नाही तर पुढच्या मोसमात लग्न. मुलगाही बघून ठेवला होता. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण कुणाच्या तरी घरात जाऊन, कोण काय म्हणतंय बघत उभं राहायचं, याची मला चीड होती. मला माझा पगार हवा होता, माझा गणवेश हवा होता. बाकीच्या परीक्षेची मला भीती नव्हती. उरलं होतं ते आठशे मीटर पळणं.

भरतीच्या दिवशी बर्फ मीच आणला. पहाटे कारखान्यातून, भांडून. थर्माकोलचं खोकं मी भरलं, वरून पोतं मी गुंडाळलं. मैदानावर गर्दीच इतकी होती की कागद बघणं, उंची मोजणं यातच ऊन डोक्यावर आलं. आत गेलेल्या पोरींना बाहेर यायची परवानगी नव्हती. मध्ये लोखंडी गजांचं फाटक, आणि फाटकाबाहेर सगळ्यांचे आईबाप, भाऊ, मामे डोक्यावर रुमाल टाकून बसलेले. त्यांत माझा बाप होता. त्याच्या शेजारी खोकं घेऊन सर.

पहिल्यांदा सरांनी हाक मारली तेव्हा मी लगेच गेले. त्यांनी बाहेरून बादली गजांना टेकवली. मी फाटकातून दोन्ही हात बाहेर काढले आणि पाण्यात घातले. बाहेरच्या गर्दीला आयती करमणूक मिळाली.

"बांगड्या भरायलेत का काय?"

"मेंदी उतरवायलेत, मेंदी! काल हळद झाली असंल."

"आरं, तुरुंगात जेवायला घातल्यावानी दिसायलंय!"

लोक हसत होते. मला तोंडाला तोंड देता आलं असतं. मी तयारच होते. तेवढ्यात कुणीतरी माझ्या बापाला विचारलं, "तुमचीच का हो ही?"

बापानं रुमाल पुढं ओढला आणि म्हणाला, "न्हाई. आमच्या गावची हाय."

मी हात काढून घेतले. पाणी तसंच गळत होतं आणि मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. सरांनी हाका मारल्या, मी वळले नाही. सावली नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आमच्या गटाचं नाव पुकारणार अशी कुजबुज झाली तेव्हा सर पुन्हा फाटकाशी आले. मीही आले, पण चार पावलं लांब थांबले. सुनंदा माझ्या शेजारी होती. आम्ही दोघी एकाच गटात होतो.

खोक्यात विटेएवढा तुकडा उरला होता. सरांनी तो फोडून बादलीत टाकला आणि बादलीकडंच बघत म्हणाले, "एकीचंच काम व्हईल. दोघींनी घातले तर दोघींना कोमट." मग त्यांनी हाक मारली. "सुनंदा."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. मी सरांकडं बघत होते. त्यांनी मान वर केली असती तर त्यांना मी दिसले असते, एवढ्या समोर होते मी. त्यांनी केली नाही. बाप शेजारीच बसला होता. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. लोकांच्या मालासाठी भांडणारी मी, माझ्याच बर्फासाठी मुक्यासारखी उभी राहिले. सुनंदानं हात गजांतून बाहेर काढले.

पहिल्या फेरीत मी तिच्या पुढं होते. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर माझे पाय माझे राहिले नाहीत. कानात ढोल वाजायला लागला. सुनंदा माझ्या बाजूनं पुढं गेली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तेवढंच मला स्पष्ट आठवतं. ती पार झाली. माझं थोडक्यात हुकलं. बर्फ मिळाला असता तर झालं असतं का? कुणास ठाऊक. कदाचित नसतंही झालं. पण हे कळायची संधी माझ्या हातून गेली होती, आणि ती माझ्याच बर्फानं दुसरीला मिळाली होती.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांसमोर ओरडले, "माझा बर्फ व्हता त्यो!" सुनंदा रडत होती, आनंदानं का कशानं माहीत नाही. तिनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. लोक पुन्हा हसले. बर्फाच्या तुकड्यासाठी भांडणारी पोरगी त्यांना मेंदीवालीपेक्षाही गमतीची वाटली असणार. सर रिकामं खोकं आवरत राहिले. बापानं माझा दंड धरला आणि आम्ही एसटीकडं चालू लागलो. वाटेत तो म्हणाला, "मी उगं तसं म्हणलो. लोक लय हसायलते." आम्ही त्या विषयावर परत कधी बोललो नाही.

लग्न झालं. नवरा माझ्या नशिबानं शांत निघाला. मोटार उघडली की त्याला जगाची खबर नसते. बोलणं मी करते. सुनंदा आता गणवेशात असते. कधी दुकानासमोर गाडी लावून आत येते, "काय गं, बरी हायस का?" म्हणते, चहा पिऊन जाते. मी हसून बोलते. ती गेली की अर्धा तास मी गिऱ्हाइकाशी धड बोलत नाही. इतक्या वर्षांनंतर एका गरीब पोरीवर बर्फाचा डूख धरून बसलेय, हे कुणाला सांगायचं? स्वतःलासुद्धा सांगायची लाज वाटते. रस्त्यात लांबून सर दिसले की मी बाजू बदलायची. तळवा बघायला ते हात मागतील, याची भीती वाटायची.

या उन्हाळ्यात ते दुकानात आले. खूप वाळले आहेत. चालू करून ठेवलेल्या एका कूलरसमोर स्टूल होतं, त्यावर बसले. नवऱ्यानं विचारलं, "काका, काय दाखवू?"

"काई न्हाई. हवा खायलोय."

नवरा परत मोटारीत घुसला. मी गल्ल्यापाशी उगाच काहीबाही करत राहिले. सर उठेनात. काही मागेनात. शेवटी माझाच संयम सुटला.

"सर, त्या दिवशी तुमी माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

"न्हाई बघितलं," ते म्हणाले.

"कामून?"

"बघितलं असतं तर तुलाच दिला असता."

कूलर घरघरत होता. ते तसेच समोर बघत बोलत राहिले. "तू जास्ती पळणारी व्हतीस. बर्फ बी तूच आणलेला. सुनंदाला बर्फाबिगर जमलं नसतं, अन् ती कधी मागितली बी नसती. तू येक शबूद काढला असतास ना, तर मी तिचे हात बाजूला केले असते. मला माझं माहीत व्हतं. म्हणून मान खाली घातली अन् तिला हाक मारली."

"मंग बघायचं व्हतं की सर!" माझा आवाज इतका चढला की दारात आलेलं एक जोडपं तिथंच थांबलं. नवऱ्यानं मान वर केली.

"तू पण बोलली न्हाईस."

"बाप बसला व्हता तितं. तुमाला काय माहीत तो काय म्हणला ते."

"मी शेजारीच व्हतो," सर म्हणाले. "ऐकलं मी. तू आता तोंड उघडत न्हाईस, हे मला तवाच कळलं. त्याचाच फायदा घेतला म्हण. पोटाची कळ कबूल केली, ही न्हाई करता आली."

इतकी वर्षं मी धरून बसले होते की त्यांना माझी आठवणच झाली नाही. आठवण झाली होती. मी दिसत होते. मी गप्प राहणार, हेही दिसत होतं.

"राग हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. दुकानात बसून मी रोज याहून मोठं खोटं बोलते. कुजलेल्या टाकीला नवी म्हणते. त्यांना तेवढाच एक शब्द हवा होता, आणि तो ऐकायला ते एवढ्या उन्हातून चालत आले होते.

"हाय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. गुडघ्यावर हात ठेवून उठले. दारातल्या जोडप्याला "जयभीम" म्हणाले आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. मी गिऱ्हाइकाकडं वळले. ती बाई कूलरचा भाव विचारत होती. मी सांगत होते, तेवढ्यात नवऱ्यानं आतून विचारलं, "कोण व्हते गं?"

"आमचे सर," म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. भर दुपारी आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.